चौथ्या चॅनलवरचे काका

मंगरूळपीरच्या एका खासगी लॅबमध्ये मी रक्त काढायचं काम करते. शीर शोधायला डोळे फारसे कामाला येत नाहीत, बोट लागतं. डाव्या हाताची तर्जनी कोपराच्या आतल्या बाजूला ठेवायची, हलकं दाबायचं, आणि खाली काहीतरी रबरासारखं उसळलं की तिथेच सुई. पाच वर्षांत माझं ते बोट एवढं तयार झालं होतं की आमचे डॉक्टर अंगाने जाड माणसं आणि हात ओढून घेणारी लहान पोरं माझ्याकडेच पाठवायचे. ते बोट मी बास गिटारपायी घालवलं. ते जावं अशी व्यवस्था एका माणसाने मुद्दाम करून ठेवली होती, आणि पुढे मी त्या माणसाचं जे केलं ते त्याहून वाईट होतं.

आमच्या वस्तीतली भीमगीतांची पार्टी जुनी. मी तिच्यात कोरसला होते. कोरस म्हणजे मागे उभं राहायचं, ओळीचा शेवट उचलायचा आणि टाळ्या द्यायच्या. समोर मुख्य गायक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत. पार्टी त्यांचीच. मग ढोलकी, पॅड, कीबोर्ड, आणि अगदी कोपऱ्यात, स्वतःच्या अ‍ॅम्पला टेकल्यासारखे उभे राहून बास वाजवणारे काका. साठीला आलेला, सडपातळ, फार न बोलणारा माणूस. बाजारात त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक त्यांच्याकडे आणून टाकत, आणि ते दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसत. तारांचा कंप पकडून अ‍ॅम्पकडे पाठवणारं बासचं पिकअपसुद्धा त्यांनी स्वतःच्या हाताने गुंडाळलं होतं. पार्टीत वापरायचा अ‍ॅम्प आणि मिक्सर त्यांचेच, स्पीकरही त्यांनीच जुळवलेले.

माझी उभी राहायची जागा त्यांच्या अ‍ॅम्पच्या बाजूला. बासचा आवाज कानात येण्याच्या आधी माझ्या तळपायात यायचा. एकदा गाण्याच्या मध्येच त्यांची केबल तुटली. भाऊ गात होते, ढोलकी चालू होती, काही थांबलं नाही, पण गाणं एकदम पोकळ झालं. लोकांना कळलं नसेल. मला कळलं, आणि दुसऱ्या रविवारी दुपारी मी त्यांच्या दुकानात गेले.

"काका, मले हे शिकायचं आहे."

मोटारीच्या खाचेत तार बसवता बसवता त्यांनी वर पाहिलं. "काहून?"

"आवडते म्हनून."

"गाणं म्हन ना मंग. गळा बरा आहे तुहा."

"म्हननाऱ्या लै आहेत."

त्यांनी हातातली खाच पुरी भरली. मग आत जाऊन पोत्यात गुंडाळलेली एक जुनी बास घेऊन आले. "ह्याच्यावर शिक. ह्याच्यावर आलं तं कशावरबी येईन."

ती बास उचलतानाच माझा खांदा खाली गेला. लांबलचक नेक, म्हणजे डाव्या हाताने धरायची मान, आणि तिच्यावर फ्रेटच्या आडव्या धातूच्या काड्या. पहिल्या फ्रेटवर तर्जनी ठेवली की चौथ्या फ्रेटपर्यंत माझी करंगळी पोहोचायचीच नाही. तारा जाड, खरखरीत, गंजाने काळ्या पडलेल्या, आणि पट्टीपासून इतक्या उंच की एक स्वर काढायला मला सगळा हात लावून दाबावं लागे. मला वाटलं, बास अशीच असते. मी याआधी कुठली बास हातात घेतली होती?

दर रविवारी दुपारी मी दुकानात जायची. बास आठवडाभर माझ्या घरी असायची. काका मान खाली घालून काम करत आणि माझं ऐकत. खाचेतली तार बाहेर येऊ नये म्हणून वरून बांबूची चपटी पाचर ठोकतात, तशा पाचरी त्यांच्या पुढ्यात पडलेल्या असत. चूक झाली की त्यातली एक उचलून ते माझ्या बोटांच्या पेरावर मारत. फार जोरात नाही. पण ज्या पेरावर मारत, त्याच्या पुढच्या टोकाला आधीच फोड असे.

"फ्रेटच्या वर नाही, मांगं. चिकटून मांगं."

मी बोट मागे घ्यायची.

"वाजवलेली तार सोडताना पुरी सोडू नको. नुसता दाब काढ. बोट तारेवरच राहू दे, नाहीतं ती गुणगुणत बसते."

हे ते खरं शिकवत होते. अंगठा पिकअपवर टेकवून ठेवायचा, उजव्या हाताची पहिली दोन बोटं चालल्यासारखी आळीपाळीने टाकायची, दोन्हींचा जोर सारखा. खाली सरकल्यावर चार फ्रेटला चार बोटं ताणायची नाहीत, तिसरं आणि करंगळी एकत्र वापरायची. ज्या तारा वाजवायच्या नाहीत त्या अंगठ्याने दाबून गप्प ठेवायच्या. यातलं एकही वाक्य त्यांनी चुकीचं सांगितलं नाही. म्हणून तर मला कधी शंका आली नाही. दुकानातल्या गॅसवर पातेल्यात पाणी उकळून ते कधी कधी आपल्या तारा त्यात टाकत, मळ सुटला की पुसून पुन्हा चढवत. माझ्या बासच्या तारा त्यांनी एकदाही उकळल्या नाहीत.

पहिल्या महिन्यात बोटांचे फोड फुटले. त्यावर नवे आले. तेही फुटले. तिसऱ्या महिन्यात बोटांच्या टोकाला पिवळट, जाड, शिंपल्यासारखं कातडं आलं. तेव्हा किन्हीराजाची एक म्हातारी लॅबमध्ये आली. तिच्या हाडांवर नुसती कातडी होती. मी तर्जनी ठेवली, दाबली, आणि मला काहीच लागलं नाही. कापडाच्या घडीवरून हात फिरवल्यासारखं. अंदाजाने सुई घातली. नाही. बाजूला घातली. नाही. तिसऱ्या वेळी रक्त आलं, पण कोपराखाली निळं टेंगूळ उठलं. तिची सून बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. डॉक्टरांनी मला आत बोलावून माझा हात पाहिला. मी सांगितलं, गरम तेल उडालं. त्यानंतर मी शीर उजव्या हाताच्या तिसऱ्या बोटाने शोधायला लागले. बास वाजवताना ते बोट लागत नव्हतं, म्हणून तेवढं शाबूत होतं.

मी सोडलं नाही. आठ महिने झाले.

एका रविवारी अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्रातला बास वाजवणारा आपलं बंद पडलेलं पिकअप घेऊन काकांकडे आला. माझ्याच वयाचा असेल. काका त्याचं पिकअप उघडून पाहत होते तेवढ्यात त्याने सहज माझी बास उचलली, एक तार दाबली आणि हसायलाच लागला.

"काका, हे काय हाये? हिच्यावर कोन वाजवते?"

"ही पोरगी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या हाताकडे. बास डोळ्यासमोर आडवी धरून त्याने एक डोळा मिटला आणि नेकवरून नजर टाकली, सुतार फळी पाहतो तशी. "नेक किती वाकली आहे. आतला रॉड चावीनं जरासा आवळा, ब्रिज खाली घ्या. दोन दिवसांचं काम आहे."

"माहीत आहे मले," काका म्हणाले. पिकअपवरून त्यांनी मान वर केली नाही.

त्या मुलाला वाटलं काका गंमत करतायत. तो पुन्हा हसला.

मी बास घरी आणली. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. नेकच्या आत लोखंडी रॉड असतो, षटकोनी एलन चावीने तो आवळला की तारांच्या ताणाने पुढे वाकलेली नेक सरळ होते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. तारेची उंची मोजायला माझ्याकडे मोजपट्टी नव्हती. लॅबमधल्या काचेच्या स्लाइड मात्र होत्या, आणि ती स्लाइड साधारण एक मिलिमीटर जाड असते. बाराव्या फ्रेटवर तार आणि पट्टीच्या मध्ये मी स्लाइड सरकवत गेले. एक, दोन, तीन. पाचवीही गेली. व्हिडिओतला माणूस सांगत होता की दोन, फार तर अडीच असावी.

हार्डवेअरच्या दुकानातून चाव्यांचा जोड आणला. पाव फेरा आवळला आणि एक दिवस तशीच ठेवली, कारण लाकूड लगेच ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी पाव फेरा. मग ब्रिजवरचे, म्हणजे तारा मागच्या टोकाला ज्यावर टेकतात तिथले, बारीक स्क्रू फिरवून प्रत्येक तार थोडी थोडी खाली घेतली. अडीच स्लाइडवर आणून ठेवली आणि बोट लावलं. नुसतं ठेवलं, आणि स्वर आला. मी दाबलंही नव्हतं. घरात आई भाकरी करत होती, तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

रविवारी काकांनी माझ्या हातून बास घेतली, एकच स्वर वाजवला आणि समजून गेले.

"कोनं केलं?"

"म्या."

त्यांनी पुढ्यातला खण उघडला. स्क्रू ड्रायव्हरांच्या बाजूला त्यांची एलन चावी होती, अगदी वर. ती घेऊन त्यांनी माझ्यासमोर रॉड पुन्हा सैल केला, ब्रिजचा एकेक स्क्रू पुन्हा वर घेतला. सगळं व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागली. मी उभी राहून पाहत होते.

"माह्या वस्तूले हात लावत जाऊ नको," ते म्हणाले.

"काका, तुमाले माहीत होतं. आठ महिने माहीत होतं."

"हो."

"मंग काहून?"

"तू आठ दिवसात जाशीन असं वाटलं होतं मले." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मोटारीत काय बिघाड आहे ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं ते सांगत होते. "एका पार्टीत दोन बासवाले नसतात. अन् तू बाई. स्टेजवर बाई बास वाजवून राह्यली, हे भाऊच्या ध्यानात आलं ना, तं तो मले एक दिवस ठेवत नाही. त्याले दिसते काय ते समजते. वाजते काय ते समजत नाही."

मी ती बास तिथेच ठेवून निघाले.

अकोल्याला जाऊन स्वतःची घेतली. दुकानदार मला लाल चकचकीत पाच तारांची दाखवत होता, आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेली. आवाज भारी होता. पण बॅटरी भर स्टेजवर उतरली की बास मुकी होते, आणि पाचवी तार माझ्या कामाची नव्हती. मागच्या भिंतीवर एक वापरलेली, छोट्या नेकची, चार तारांची, साधी बास टांगलेली होती. फ्रेट जवळजवळ, त्यामुळे माझी करंगळी पोहोचायची. तिच्यावर मी सपाट गुंडाळणीच्या गुळगुळीत तारा चढवून घेतल्या. त्यांना खरखर नसते, बोट सोलत नाहीत, आणि आवाज गोल, बुटका येतो, ढोलकीच्या धुमेखाली, म्हणजे तिच्या जाड आवाजाच्या बाजूखाली, नीट बसतो. काकांनी ती पार्टीच्या तालमीला पाहिली. "खेळणं," एवढंच म्हणाले.

भाऊंच्या मात्र लगेच ध्यानात आलं. काका म्हणाले होते अगदी तसंच. माझं वाजवणं ऐकण्याआधीच त्यांनी मला बास गळ्यात घालून समोर उभं केलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, आणि म्हणाले, "एक गाणं हिले देऊ."

त्या गाण्याची तालीम वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात होती. पार्टीतले सगळे होते, कोरसच्या माझ्या मैत्रिणी होत्या. मी वाजवायला लागले आणि काका उठून माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. मोठ्याने म्हणाले, "पाचवा." मी पाचव्या फ्रेटवर जायला अर्धी मात्रा उशीर केला होता. "तिसरा. तिसरा म्हनलं. आता उशीर. पुन्हा उशीर." माझ्या प्रत्येक चुकीचा त्यांनी आकडा सांगितला. त्यांनी आकडा सांगितला की मी पुढची चूक करायची. शेवटी माझी बोटंच थांबली. तेव्हा ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "लोकायचं रक्त काढते, आता गाण्याचं काढून राह्यली."

सगळे हसले. ढोलकीवाला हसला, माझ्या मैत्रिणी हसल्या. भाऊ हसले नाहीत, पण त्यांनी काकांना थांबवलंही नाही.

त्यानंतर दहाएक दिवसांनी काका सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये आले. मी आहे हे पाहून दारातच जरा थांबले, मग खुर्चीवर बसले आणि शर्टाची बाही वर केली. मी पट्टा बांधला, शीर शोधली, रक्त काढलं. त्यांचे हात मी याआधी कधी एवढ्या जवळून पाहिले नव्हते. तळव्यावर तारेचे जुने कापे. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकाला ताजा भाजल्याचा डाग.

"हे काय झालं?"

"सोल्डरिंगचं. समजलंच नाही." मग दुसरीकडे पाहत, "ह्या दोन बोटात कापूस भरल्यासारखं वाटते. डाव्याबी. तार कोठी आहे ते आता पाहावं लागते मले."

दुपारी रिपोर्ट माझ्याच हातून छापून निघाला. साखर फार वाढलेली होती, आणि ती आज-कालची नव्हती. संध्याकाळी न्यायला आले तेव्हा त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"कोनाले सांगजो नको," ते म्हणाले. शिकवताना त्यांचा जो आवाज असे तो नव्हता.

"लॅबमधलं बाहेर जात नाही, काका."

तिसऱ्या दिवशी मी भाऊंना सांगितलं. चहाच्या टपरीवर उभं राहून, एका वाक्यात. काकांच्या बोटांना लागत नाही, साखर आहे, वाढत जाणार. हे कळलं असतं तर लॅबने मला त्याच दिवशी काढलं असतं, आणि काढायलाच हवं होतं. सांगताना मला वाईट वाटलं नाही. कोणीतरी आकडा ओरडण्याच्या आधी मी अचूक फ्रेटवर पोहोचले, असं काहीतरी वाटलं.

भाऊंनी चहा संपवला. "मंग आता?"

काकांना सरळ काढणं त्यांना परवडणारं नव्हतं. अ‍ॅम्प आणि मिक्सर काकांचे. पुढचा कार्यक्रम इंझोरीला नव्या विहाराच्या लोकार्पणाचा, आणि तो काकांच्या सोयऱ्यांनी ठरवलेला. भाऊंनी दोन दिवस विचार केला आणि मला बोलावून घेतलं. कीबोर्डवालाही तिथे होता.

"इंझोरीले त्याले वाजवू दे," भाऊ म्हणाले. "त्याच्या अ‍ॅम्पमधून त्याले ऐकू येत राहीन. मिक्सरमधून बाहेर जाऊ देऊ नको. बास ह्याच्या डाव्या हातावर घेऊ, फक्त समोरच्या स्पीकरमधून. तू मिक्सरवर बस."

कीबोर्डवाला खाली पाहत होता. मी हो म्हटलं.

इंझोरीला दुपारी भोजनदान झालं आणि कार्यक्रम सुरू झाला. विहाराच्या बाजूला ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं, समोर मांडवात बाया-माणसं बसलेली, मागे हरभऱ्याचं शेत. मिक्सर मांडवाच्या टोकाला, स्टेजच्या तोंडासमोर. चौथा चॅनल काकांचा. पहिलं गाणं सुरू झालं तशी मी त्याची दांडी खाली ओढून घेतली, अगदी तळाला, म्हणजे आवाज बंद. समोरच्या स्पीकरमधून कीबोर्डची बास येत होती, साफ, मशीनसारखी. स्टेजवर काका आपल्या अ‍ॅम्पला टेकून वाजवत होते. पांढरा शर्ट इस्त्री केलेला होता. त्यांचे सोयरे पहिल्या रांगेत बसले होते.

मिक्सरवर हेडफोन लावून एकच चॅनल ऐकायची सोय असते. चॅनल खाली असला तरी त्यात काय येतंय ते ऐकता येतं. दुसऱ्या गाण्याला मी हेडफोन लावले आणि चौथ्याचं बटण दाबलं. मला त्यांच्या चुका ऐकायच्या होत्या. एकदा ऐकल्या की मन मोकळं झालं असतं.

चुका नव्हत्या. त्या दिवशी ते बरोबर वाजवत होते. बोटांना लागत नसेल, म्हणून ते सतत पट्टीकडे पाहत होते, कमी स्वर घेत होते, पण जो घेत तो जागेवर पडत होता. दोन स्वरांच्या मधली शांतताही मोजलेली होती. एवढं चांगलं मी त्यांना स्टेजवर कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या मांडवात ते फक्त मलाच ऐकू येत होतं. माझं बोट चॅनलच्या दांडीवर होतं. वर सरकवायला काही लागत नव्हतं. भाऊंना कळलंसुद्धा नसतं.

मी सरकवली नाही.

तिसऱ्या गाण्यात, कडव्याच्या मध्ये, काकांनी उजवा हात तारेवरून उचलून झटकला. कापूस भरल्यासारखं झालं असेल. हात हवेत होता, आणि बास चालूच होती. मी त्यांच्याकडे पाहत होते, म्हणून मला ते दिसलं. आधी त्यांनी मान तिरकी केली. मग कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग मांडवावरून थेट माझ्याकडे. माझ्या कानांवर हेडफोन होते.

मला वाटलं ते केबल काढतील, किंवा उतरून येतील. त्यांनी हात पुन्हा तारांवर ठेवला आणि वाजवायला लागले. राहिलेली सगळी गाणी त्यांनी वाजवली. एकही स्वर सोडला नाही. मी हेडफोन काढून ठेवू शकत होते. काढले नाहीत. शेवटच्या गाण्यानंतर त्यांच्या सोयऱ्यांनी स्टेजवर जाऊन त्यांना शाल दिली. एकाने मुद्दाम सांगितलं, "आज बास लै साफ ऐकू येत होती." काकांनी हात जोडले.

सामान आवरताना ते केबल गुंडाळत मिक्सरजवळ आले. केबल ते एक वेढा सुलटा, एक उलटा असा गुंडाळत, म्हणजे पीळ पडत नाही.

"हेडफोनात कसा येत होता मी?" त्यांनी विचारलं.

"बरोबर येत होते."

"पुरा?"

"पुरा."

"मंग?"

मी हेडफोनची वायर गुंडाळायला लागले. ते जरा वेळ थांबले, खरंच ऐकायला थांबल्यासारखे. मग मिक्सरच्या मागून एकेक पिन काढली, मिक्सर कपड्यात गुंडाळला आणि सोयऱ्याच्या गाडीत नेऊन ठेवला. परत येऊन अ‍ॅम्प नेला. पार्टीत त्यानंतर आले नाहीत.

भाऊंनी दुसरा मिक्सर आणला आणि फ्लेक्सवर माझा बास घेतलेला फोटो टाकला, स्वतःच्या फोटोएवढा. लोक मोबाइल वर धरून माझे व्हिडिओ काढतात. मी आता बरं वाजवते. स्वर सोडताना बोट तारेवर ठेवते, न वाजणाऱ्या तारा अंगठ्याने गप्प ठेवते. जे येतं ते त्यांचं आहे, हे वाजवताना दर वेळी कळतं, आणि त्याने वाजवण्यात काही फरक पडत नाही.

वर्षभराने मी त्यांच्या घरी गेले. दुकान त्यांनी बंद केलं होतं, बारीक तार बोटांना कळत नव्हती. काकू अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या, त्यांनी मला बसायला दिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्यांना बहुतेक काही माहीत नव्हतं. काका खाटेवर बसलेले.

"काका, माही चूक झाली," मी म्हटलं. "रिपोर्टचं मीच सांगतलं भाऊले."

"माहीत आहे. दुसरं कोन सांगन?"

"तुमी त्या दिवशी चांगलं वाजवून राह्यले होते. मले वर करता येत होतं."

"तेबी माहीत आहे."

मला वाटतं, मी त्यांच्या आठ महिन्यांचीही आठवण देणार होते. तुम्हीही माझं वाईट केलंत, असं काहीतरी. ते त्यांनी माझ्या तोंडावर वाचलं असावं.

"म्या तुले त्रास देल्ला तो तुह्या समोर देल्ला," ते म्हणाले. "तू विचारलं तवा सांगतलं. तू आता माफी मागून मोकळी होशीन, अन् भाऊच्या बाजूले जाऊन उभी राहशीन. माह्याकडून नाई भेटत."

काकू चहा घेऊन आल्या. मला तो सगळा पिऊन उठावं लागलं. काकांनीही आपला कप संपवला. काकूंनी मला मेथीची एक जुडी दिली, घे म्हणाल्या, ताजी आहे.

ते आमच्या लॅबमध्ये पुन्हा आले नाहीत. दर तीन महिन्यांनी साखर तपासायला वाशीमला जातात, सकाळच्या बसने, काही न खाता. माझी ड्यूटीची वेळ आणि त्यांच्या बसची वेळ एकच. लॅबला जाताना वाटेतल्या स्टँडवर ते मला दिसतात. एकदा बस लागली नव्हती आणि ते बाकावर डोळे मिटून बसले होते, कपाळावर घाम होता. उपाशीपोटी साखर उतरली की असाच घाम येतो, हे मला माझ्या कामामुळे माहीत आहे. पर्समध्ये बिस्किटांचा पुडा होता. मी गाडी थांबवली, पुडा काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी डोळे उघडले, पुडा पाहिला, मला पाहिलं. "रिपोर्ट चुकन," ते म्हणाले आणि डोळे पुन्हा मिटले.

बस यायला अर्धा तास लागला. मी तेवढा वेळ समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. ते बसमध्ये चढले, दांडा पकडताना त्यांनी आधी हाताकडे पाहिलं, मग पकडला. मला त्या दिवशी लॅबमध्ये उशीर झाला.